बेकन तळायचं नसतं, कढवायचं असतं

लोणी कढवायला ठेवलं की आपण कुणीही गॅस मोठा करत नाही. पातेलं जाड बुडाचं घ्यायचं, आच मंद ठेवायची आणि हातातलं दुसरं काम करताना कान तिकडे ठेवायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही, घरात बघून आलेलं आहे. आधी लोण्यातलं पाणी तडतडतं, मग आवाज खाली येतो, वर बारीक फेस धरतो, तळाशी बेरी बदामी होते आणि त्याच वेळी पातेलं उतरवायचं असतं. बेकनचं नेमकं असंच आहे. पण बेकनचं पाकीट हातात आलं की हे सगळं विसरून आपण ते भज्यांसारखं कडकडीत तापलेल्या भांड्यात टाकतो.

मीही तेच केलं होतं. शिकागोच्या उपनगरात राहायला आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात मुलाच्या हट्टापायी बेकन घरी आणलं. पॅन चांगला तापवला, वर चमचाभर तेलही घातलं आणि पट्ट्या टाकल्या. दोन मिनिटांत त्यांची वेटोळी झाली. मांसाचा भाग करपला, चरबी मात्र पांढरी आणि रबरासारखी चिवट राहिली. छतावरचा धुराचा अलार्म वाजायला लागला आणि बाहेर उणे पंधरा तापमान असल्यामुळे खिडकीही धड उघडता येईना. तेव्हापासून आजवर, बहुतेक रविवारी, मी हा पदार्थ वेगवेगळ्या पद्धतींनी करत आले आहे. ज्या मराठी घरांत बेकन खाल्लं जातं, मग ते घर न्यू जर्सीतलं असो, लंडनमधलं असो की वांद्र्यातलं, त्यांना माझ्यासारखे रविवार वाया घालवावे लागू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

मुळात आपण काय शिजवतो आहोत ते पाहू. अमेरिकेत मिळणारं बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस. त्याला मीठ, थोडी साखर आणि सोडियम नायट्राइट लावून मुरवतात, लाकडाच्या धुरात धरतात आणि मग पातळ पट्ट्या कापतात. नायट्राइटमुळे त्याचा गुलाबी रंग पक्का होतो आणि शिजल्यावरही जात नाही. म्हणून मांस लालसर दिसतंय म्हणजे कच्चं आहे, असं समजून पट्ट्या आणखी जाळत बसू नका. कच्च्या पट्टीच्या वजनात चार-पंचमांशाच्या आसपास नुसतं पाणी आणि चरबी असते. शिजल्यावर तिचं वजन साधारण एक-तृतीयांश उरतं. म्हणजे आपलं काम मसाला लावण्याचं किंवा तेलात तळण्याचं नाहीच. पाणी घालवायचं आणि चरबी सोडवायची, बस.

या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो. चरबी वितळायला फार उष्णता लागत नाही, पण ती ज्या बारीक जाळीत अडकलेली असते तिच्यातून बाहेर पडायला तिला सवड द्यावी लागते. मांसाचे तंतू मात्र साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेले की भराभर आक्रसतात. तापलेल्या पॅनमध्ये पट्टी टाकली की मांस आधी आक्रसतं, चरबी तशीच राहते आणि दोघांच्या ओढाताणीत पट्टी वळते. वळली की तिचा निम्मा भाग पॅनला टेकतच नाही. जो टेकतो तो करपतो, जो टेकत नाही तो कच्चा राहतो. माझ्या त्या पहिल्या दिवसाचं सगळं गणित एवढंच होतं.

म्हणून पहिला नियम, आणि मला विचाराल तर एकमेव खरा नियम: पॅन थंड असताना पट्ट्या मांडायच्या आणि मग आच लावायची. तेल घालायचं नाही. दहा इंची पॅनमध्ये चार पट्ट्या बसतात. पाचवी बसवायचा मोह झाला तरी एकमेकींवर चढू देऊ नका, कारण दबलेल्या जागी वाफ कोंडते आणि तिथली चरबी मऊ राहते. आच मध्यमाहून कमी ठेवा. गॅस असेल तर लहान बर्नर घ्या. कॉइलची विजेची शेगडी उशिरा तापते आणि उशिरा निवते, तेव्हा तिचा आकडा दहापैकी चारच्या पुढे नेऊ नका. पहिली तीन-चार मिनिटं काही घडत नाही असं वाटेल. मग पट्ट्यांखालून चरबी सुटायला लागते, पाणी तडतडतं, शिंतोडे उडतात. इथून पुढे कान द्या. तडतड ओसरून आवाज बारीक झाला की पाणी संपत आलं. चरबीवर पांढरा, बारीक फेस धरला की काम जवळजवळ झालं. तुपाचा फेस ज्याने पाहिला आहे त्याला ही खूण वेगळी सांगावी लागत नाही.

मध्ये मध्ये चिमट्यानं पट्ट्या उलटत राहा. एकदाच उलटायच्या असा काही दंडक नाही, उलट तीन-चारदा उलटल्या तर रंग सारखा येतो. नेहमीच्या पातळ पट्टीला, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपासच्या, दहा ते बारा मिनिटं लागतात. तीन मिलिमीटरच्या जाड पट्टीला पंधरा किंवा जास्तही. हव्या त्या रंगाच्या थोडं आधीच काढा. पॅनमधून काढल्यावरही पट्टी क्षणभर शिजतच असते आणि निवली की कडक होते. पॅनमध्येच कुरकुरीत झालेली पट्टी ताटात येईपर्यंत जळकट लागते. काढल्यावर कागदावर निथळत ठेवा, एकावर एक रचू नका.

भांडं कोणतं? बिडाचं. अमेरिकेत ज्याला कास्ट आयर्न म्हणतात तोच आपला बीड, आणि घावन-आंबोळीसाठी जो बिडाचा तवा गावाहून आणलेला असतो तोही चालतो. एकच अडचण असते. तो मध्ये खोलगट असेल तर सगळी चरबी मध्यभागी साचते, पट्टीची टोकं मात्र कोरडी राहतात. तेव्हा पट्ट्या आडव्या कापून अर्ध्या करा. नॉनस्टिकही चालतं, कारण आपण आच कमीच ठेवणार आहोत. पातळ स्टीलचं भांडं टाळा. बेकनमधली साखर त्याला धरते आणि तिथे काळे डाग पडतात.

याच पद्धतीचा एक चांगला प्रकार पाण्याचा आहे. थंड पॅनमध्ये पट्ट्या मांडून त्या जेमतेम भिजतील इतकं पाणी घालायचं आणि आच लावायची. पाणी आहे तोवर पॅनचं तापमान शंभर अंशांच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे मांस करपण्याची भीतीच उरत नाही. तेवढ्या वेळात चरबी निवांत सुटते. पाणी उडून गेलं की पट्ट्या स्वतःच्या चरबीत खरपूस होतात. पाच-सहा मिनिटं जास्त लागतात, पण जाड पट्ट्यांसाठी आणि बेकनच्या चौकोनी तुकड्यांसाठी मला याहून चांगली रीत सापडलेली नाही. ही युक्ती अमेरिकन स्वयंपाकाच्या पुस्तकांत वाचली तेव्हा मला गोवा आठवला. गोव्यात चोरिस असंच करतात. मीठ, व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवलेले ते डुकराच्या मांसाचे तुकडे आवरणातून सोडवून कढईत घालायचे, वर थोडं पाणी, चिरलेला कांदा आणि मंद आच. तेलाचा थेंब नाही. पाणी आटता आटता लाल चरबी सुटते आणि कांदा-बटाटा त्या चरबीतच शिजतो. ज्यांनी हे घरी पाहिलं आहे त्यांनी बेकनसाठी नवीन काही शिकायची गरज नाही.

आता ओव्हन. घरात तीनपेक्षा जास्त माणसं खाणारी असतील तर माझं मत ठाम आहे: पॅन काढूच नका. पॅनमध्ये चार-चार पट्ट्यांचे घाणे काढायचे म्हणजे शेवटचा घाणा निघेपर्यंत पहिला गार होतो आणि करणारीला सगळ्यांबरोबर बसून खाता येत नाही. रविवारी सकाळी घरातलं एक माणूस शेगडीपाशी उभं आणि बाकीचे टेबलावर, हे मला मान्य नाही. ओव्हनच्या एका मोठ्या ट्रेवर दहा-बारा पट्ट्या एका वेळी बसतात आणि त्यांच्याकडे सारखं बघावं लागत नाही.

ट्रेला चारही बाजूंनी कडा हवी, निदान दोन सेंटिमीटरची. एका पाऊंडाच्या, म्हणजे ४५० ग्रॅमच्या पाकिटातून साधारण अर्धी वाटी चरबी सुटते. सपाट ट्रेवरून ती ओव्हनच्या तळाशी सांडली तर धूर होतो आणि पेटही घेऊ शकते. ट्रेवर बेकिंगचा पार्चमेंट कागद अंथरा. इथे भारतातल्या वाचकांसाठी एक सूचना. आपल्याकडे दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून दोन वेगळे कागद मिळतात. एक ओव्हनमध्ये चालतो, दुसरा मेणाचा किंवा साधा गुंडाळायचा असतो आणि ओव्हनमध्ये धुरकटतो. पाकिटावर बेकिंगसाठी असल्याचं आणि किती तापमान सोसतो ते लिहिलेलं असेल तरच वापरा. कागद नसेल तर ॲल्युमिनियमची फॉइल चालते. फॉइलवर पट्ट्या थोड्या चिकटतात, पण साफसफाई सोपी होते.

ओव्हन २०० अंश सेल्सियसवर ठेवा. अमेरिकन ओव्हनवर ते ४०० फॅरनहाइट. काही जण ट्रे थंड ओव्हनमध्ये ठेवून मग ओव्हन चालू करतात. थंड पॅनचाच तो न्याय, आणि पट्ट्या अगदी सपाट राहतात. मी हिवाळ्यात तसंच करते. पण प्रत्येक ओव्हन तापायला वेगळा वेळ घेतो, त्यामुळे या रीतीत मिनिटं सांगता येत नाहीत. विसाव्या मिनिटापासून डोळा ठेवावा लागतो. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये पातळ पट्ट्यांना चौदा ते अठरा मिनिटं लागतात, जाड पट्ट्यांना वीस किंवा थोडी जास्त. मध्यावर ट्रे फिरवून मागची बाजू पुढे आणा, कारण घरातल्या बहुतेक ओव्हनचा मागचा कोपरा जास्त तापतो. पट्ट्या उलटायची गरज नाही. सुटलेली चरबी त्यांना खालून शिजवतच असते.

ट्रेवर जाळी ठेवून तिच्यावर पट्ट्या मांडायचा सल्लाही पुष्कळ जण देतात, चरबी खाली निथळते म्हणून. मी तो दोनदा करून सोडून दिला. जाळीवर पट्टी कोरडी होते, चरबीत बसून येणारा खरपूसपणा तिला येत नाही, आणि जाळीच्या प्रत्येक तारेवरची चिकटलेली राळ घासण्यात अर्धा तास जातो. चरबी कमीच हवी असेल तर काढल्यावर कागदावर नीट टिपून घ्या, फरक फारसा उरत नाही.

एकट्या माणसासाठी मायक्रोवेव्ह वाईट नाही. विद्यार्थ्यांना आणि कामासाठी एकट्यानं राहणाऱ्यांना मी हीच पद्धत सुचवते. काचेच्या ताटलीवर पांढऱ्या, छपाई नसलेल्या किचन पेपरचे तीन थर, त्यावर पट्ट्या, वर आणखी एक कागद. पुनर्वापरातून बनवलेला कागद टाळा, त्यात धातूचे कण असू शकतात आणि ठिणगी उडू शकते. हजार वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये एका पट्टीला सुमारे एक मिनिट हा हिशोब धरा, चार पट्ट्यांना चार मिनिटं. शेवटी मात्र पंधरा-पंधरा सेकंद वाढवत पाहा. अशी पट्टी एकसारखी कुरकुरीत होते, थोडी ठिसूळही. पॅनमधल्या पट्टीचा खमंगपणा तिच्यात नसतो आणि चरबी सगळी कागद पितो. भुगा करून सॅलडवर किंवा अंड्यावर टाकायचा असेल तर काहीच बिघडत नाही.

एअर फ्रायर सध्या घरोघरी आहे, म्हणून त्याबद्दल. पट्टी चांगली होते, पण एका वेळी चार-पाचच मावतात, आणि खालच्या भांड्यात पडलेली चरबी तापून धूर सोडते. तापमान १८० वर ठेवा आणि तळाच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घाला. आठ ते दहा मिनिटं. फार पातळ पट्टी पंख्याच्या झोतानं उडून वरच्या तापलेल्या तारेला चिकटू शकते, तेव्हा तिच्यावर छोटी जाळी ठेवा. माझ्या मते चार माणसांच्या घरात ओव्हन असताना एअर फ्रायरमध्ये बेकन करण्यात काही फायदा नाही.

ब्रिटनमधल्या वाचकांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही. तिथे दुकानात नुसतं ‘बेकन’ म्हणून जे मिळतं ते बहुधा पाठीकडच्या मांसाचं, बॅक बेकन. त्यात गोल मांसाचा भाग मोठा आणि चरबी फक्त कडेला. ते कुरकुरीत व्हावं अशी अपेक्षाच ठेवू नका, ते मऊ आणि रसाळ असायला हवं. त्याला ग्रिलखाली चांगली उष्णता द्या, प्रत्येक बाजूला दोन ते चार मिनिटं. कडेच्या चरबीला कात्रीनं दोन-तीन चिरा दिल्या तर पट्टी वळत नाही. तिथेच ‘स्ट्रीकी’ म्हणून मिळतं ते अमेरिकेसारखं पोटाकडचं, त्याला मंद आचेचा नियम. स्वस्त पाकिटांमध्ये मिठाच्या पाण्याचं प्रमाण जास्त असतं. ते पॅनमध्ये पांढरट द्रव होऊन बाहेर येतं आणि बेकन त्यात उकडलं जातं. पाकिटावर ‘ड्राय क्युअर्ड’ लिहिलेलं असेल तर मीठ कोरडं चोळून मुरवलेलं आहे असं समजा. थोडं महाग पडतं, पण पॅनमध्ये फरक लगेच कळतो.

अमेरिकेत पाकीट निवडताना ते आधी उलटं करून पाहा. कापलेल्या बेकनच्या पाकिटाला पारदर्शक खिडकी ठेवणं तिथे नियमानं बंधनकारक आहे आणि तिच्यातून एका प्रातिनिधिक पट्टीची किमान ७० टक्के लांबी दिसली पाहिजे. समोरची बाजू व्यवस्थित मांडलेली असते. मागच्या खिडकीतून मांस आणि चरबीचं खरं प्रमाण दिसतं. निम्मं-निम्मं असेल ते घ्या. नुसत्या मांसाची पट्टी दिसायला चांगली वाटते, पण चरबी कमी म्हणजे खरपूस व्हायला साधनच कमी. ‘अनक्युअर्ड’ असं लिहिलेल्या पाकिटांबद्दल पुष्कळ मैत्रिणी विचारतात. त्यांत नायट्राइट नसतं असं समजू नका. बहुतेकदा ते सेलरीच्या भुकटीतून आलेलं असतं, एवढाच फरक. शिकागोत राहणाऱ्यांनी पोलिश दुकानांत जाऊन ‘बोचेक’ मागावं. पोटाकडच्या मांसाचा धुरावलेला अखंड ठोकळा मिळतो आणि घरी हव्या त्या जाडीचे तुकडे कापता येतात. नीट कापायला ठोकळा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा.

भारतात बेकन नवीन नाही. मुंबईत बोरिवलीला एके काळी सरकारी बेकन कारखाना होता. आज मात्र ते मोठ्या शहरांतल्या ठराविक दुकानांत आणि बहुधा गोठवलेलंच मिळतं. ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. ओट्यावर वितळवू नका, आपल्या हवेत ते धोक्याचं आहे. अर्धवट गोठलेल्या पट्ट्या ओढून सुट्या करायला गेलात तर फाटतात. पाकीट न उघडता लांबीच्या दिशेनं एकदा गुंडाळून परत सोडलं की पट्ट्या आपोआप सुटतात. आपल्याकडच्या ओटीजीमध्ये तापणाऱ्या कांड्या ट्रेच्या अगदी जवळ असतात, म्हणून तापमान १८० ठेवा, ट्रे मधल्या खाचेत सरकवा आणि चरबी खालच्या कांडीवर सांडणार नाही याची खात्री करा. ओटीजी नसेल तर काहीच अडत नाही, बिडाचा तवा आहेच. उघडलेलं पाकीट फ्रीजमध्ये आठवडाभर आणि फ्रीझरमध्ये महिनाभर चांगलं राहतं. मी चार-चार पट्ट्या कागदात गुंडाळून गोठवते, म्हणजे सगळं पाकीट एकदम वितळवावं लागत नाही.

डुक्कर न खाणाऱ्यांसाठी टर्कीचं बेकन मिळतं. त्यात चरबी फारच थोडी, त्यामुळे वरचं कढवण्याचं शास्त्र त्याला लागू पडत नाही. त्याला पॅनमध्ये चमचाभर तेल लागतंच. आच मध्यम ठेवा आणि ते कुरकुरीत होईपर्यंत थांबू नका, चामड्यासारखं होईल.

प्रकृतीचा विषय टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस मानवाला कर्करोगकारक ठरणाऱ्या पहिल्या गटात घातलं. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्ल्यानं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. हा धोका रोजच्या खाण्याचा आहे, हे लक्षात ठेवा. आमच्या घरी बेकन रविवारी असतं आणि माणशी दोन-तीन पट्ट्या असतात. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मिठाचाही विचार करावा. शिजवण्याच्या पद्धतीचा इथे थेट संबंध येतो. बेकन फार तापवलं की नायट्राइटपासून नायट्रोसअमाइन नावाची घातक द्रव्यं तयार होतात. करपवलं तर ती वाढतात, मायक्रोवेव्हमध्ये ती कमी होतात. अमेरिकेत १९७८ पासून बेकनमध्ये नायट्राइटची मात्रा बांधून दिली आणि त्याबरोबर क्षार-रूपातलं क जीवनसत्त्व किंवा तशाच गुणाचं द्रव्य घालणं बंधनकारक केलं, ते याच कारणानं. मंद आचेचा आग्रह मी नुसत्या चवीसाठी धरत नाही.

एक इशारा मनावर घ्या. पॅनमधली चरबी पेटली तर पाणी ओतायचं नाही, कधीच नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळती चरबी भडका होऊन बाहेर फेकली जाते. आच बंद करायची, पॅनवर झाकण ठेवायचं आणि पॅन जागचा हलवायचा नाही. बेकन करताना बसणारं झाकण हाताशी ठेवायची सवय लावून घ्या. लहान मुलं शेगडीजवळ नकोत, शिंतोडे दूरवर उडतात.

आमच्याकडे सासू-सासरे पुण्याहून येतात आणि सहा-सहा महिने राहतात. दोघंही शाकाहारी. अशी घरं पुष्कळ आहेत, आणि त्या घरांत बेकन करायचं की नाही यावरून मनं दुखावलेली मी पाहिली आहेत. आमच्यापुरता मार्ग आम्ही बोलून काढला. बेकनचा पॅन, चिमटा आणि ट्रे वेगळे, त्यांची जागा वेगळी, घासणीही वेगळी. ते घरात असताना पॅनमध्ये करायचं नाही, ओव्हनमध्येच करायचं, म्हणजे ओट्यावर शिंतोडे उडत नाहीत. सकाळी दोघं फिरायला गेले की ट्रे आत जातो आणि ते परत येईपर्यंत आवरून झालेलं असतं. अमेरिकन घरांत शेगडीवरचा पंखा पुष्कळदा धूर बाहेर टाकतच नाही, गाळून घरातच सोडतो. तुमचा कोणता आहे ते आधी पाहून घ्या आणि तसा असेल तर थंडीतही दोन समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटं उघडा. सासूबाईंनी एकदाही तक्रार केली नाही, पण त्यांनी ती करावी अशी वेळच येऊ न देणं हे माझं काम आहे, असं मी मानते.

उरलेली चरबी. ती बेसिनमध्ये ओतू नका, नळीत गोठते आणि पाइप तुंबतो. मंद आचेवर सुटलेली, न करपलेली चरबी गाळून ठेवण्यासारखी असते. थोडी निवू द्या, पातळ फडक्यातून काचेच्या बरणीत गाळा आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवा. बटाट्याच्या काचऱ्या तिच्यात छान होतात, कोबीही. मोहरी तडतडवायला मात्र वापरू नका, तेवढ्या आचेला ती धुरावते. चरबी खारट असते, तेव्हा मीठ शेवटी आणि चाखून घाला. करपलेल्या पॅनमधली काळपट चरबी साठवू नका. गोठू द्या, कागदात पुसून घ्या आणि कचऱ्यात टाका.

बरणीवर तारीख घाला आणि मोठ्या मराठी अक्षरांत ‘बेकनची चरबी’ असं लिहा. फ्रीजमध्ये गोठल्यावर ती हुबेहूब तुपासारखी दिसते.